सीमेवरचा दगड

लेक शेफिल्डला शिकायला गेली आणि तिला भेटायच्या निमित्ताने मीही इंग्लंड पाहून आले. लंडनची भव्यता डोळ्यांत मावली नाही, पण मनात घर केलं ते एका चिमुकल्या खेड्याने. नाव लिहायचं ‘एयाम’ आणि म्हणायचं ‘ईम’!

डर्बीशायरच्या डोंगराळ भागातलं हे गाव. वरच्या अंगाला वालुकाश्माचा काळपट कडा, खालच्या अंगाला चुनखडीच्या दऱ्या. एकेकाळी इथली माणसं शिशाच्या खाणींत राबायची. दगडी घरं, दारात फुलं. पण जवळ जाऊन पाहिलं, तर भिंतींवर पाट्या... त्या घरात प्लेगने गेलेल्यांच्या नावांच्या!

१६६५ साली इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. दमट होतं म्हणून मदतनीसाने विस्तवापाशी वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या असं मानतात. ७ सप्टेंबरला तो गेला. मग घरामागून घर. जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला समजावलं, ‘आपण बाहेर पडायचं नाही. शेजारची गावं वाचली पाहिजेत.’ गावाने ऐकलं. चर्च बंद, प्रार्थना उघड्या दरीत. ज्याने त्याने आपली माणसं आपल्याच आवारात पुरायची. शिवेवरच्या दगडाला भोकं पाडलेली, त्यात व्हिनेगर आणि व्हिनेगरमध्ये नाणी. बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे घेऊन जायचे. नोव्हेंबरात साथ थांबली, तोवर गावच्या नोंदीप्रमाणे २६० माणसं गेली होती.

गावाबाहेर एका शेतात सात थडगी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्टमधल्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. मदतीला कोण येणार?

मॉम्पेसनने मात्र आपली मुलं आधीच बाहेर पाठवली होती. बायको कॅथरीन त्याच्याजवळ राहिली आणि त्याच ऑगस्टमध्ये गेली. मी फणकाऱ्याने म्हटलं, “बघ, स्वतःची मुलं तेवढी सुरक्षित!”

लेक हळूच म्हणाली, “आई, २०२० मध्ये तू मला आजोळी पाठवलं होतंस ना?”

मी गप्पच झाले. खरंच की! टाळेबंदीआधीच तिला गावी धाडून मी आमच्या वस्तीत बांबूपलीकडे शिधा देत होते. “मुलांना घरातच ठेवा गं,” म्हणून बायकांना दटावत होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं! एकजण चिडून म्हणाली होती, “ताई, ठेवू कुठे?” मी तिला उत्तर न देता पुढच्या घराकडे वळले होते.

मैत्रिणींनो, ईमचा त्याग मोठाच. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथे त्याची आठवण जागवतात. पण त्या दगडाच्या भोकात बोट घातलं, तेव्हा मला आठवली ती आमच्या वस्तीतली बाई. परतल्यावर आधी तिच्याच घरी गेले. तिने चहा ठेवला. तिचं तेव्हाचं म्हणणं मी आता कुठे बसून ऐकलं.