पणजोबांपाशी तुटणारे नाते

परदेशात जन्मलेल्या माणसाचे पूर्वजांच्या देशाशी असलेले नाते किती पिढ्या टिकते? भावनेला या प्रश्नाच्या उत्तराची घाई नसते. कायद्याला मात्र कोठे तरी रेघ ओढावीच लागते. फिनलंडने ती आजी-आजोबांपाशी ओढली आहे. आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी एक जण जरी जन्मतः फिनिश नागरिक असल्याचे सिद्ध झाले, तरी त्या वंशाच्या आधारे वास्तव्याचा परवाना मागता येतो. पणजोबांचे नाते त्यासाठी पुरत नाही.

ही रेघ वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत लाखो फिन अमेरिकेत गेले. मिशिगन आणि मिनेसोटा येथील खाणींत व जंगलांत त्यांनी घाम गाळला. त्यांची पणतवंडे आज या कायद्याच्या बाहेर आहेत. ज्यांचे नाते रेघेच्या आत बसते, त्यांनाही ते कागदोपत्री सिद्ध करावे लागते. फिनलंडमध्ये लोकसंख्येची नोंद पूर्वी पिढ्यान् पिढ्या चर्चच्या वह्यांत ठेवली जात होती, त्यामुळे अनेकांचा शोध अखेर एखाद्या खेड्यातील जुन्या नोंदवहीपाशी येऊन थांबतो.

याहून करुण कथा इंग्रियन फिनांची आहे. १६१७ च्या स्टॉलबोवाच्या तहाने फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेकडील इंग्रिया हा मुलूख स्वीडनकडे आला आणि तेथे फिनिश शेतकरी वसले. पुढे तो प्रदेश रशियाने जिंकला, १७०३ मध्ये तेथेच सेंट पीटर्सबर्ग उभे राहिले. तरी या लोकांनी आपली भाषा व ल्यूथरपंथी धर्म जपला. स्टालिनच्या राजवटीत त्यांना हद्दपारी भोगावी लागली आणि १९३७ मध्ये त्यांच्या फिनिश शाळा बंद झाल्या. युद्धकाळात, १९४३-४४ मध्ये, सुमारे त्रेसष्ट हजार इंग्रियन फिनलंडमध्ये नेण्यात आले. १९४४ च्या युद्धविरामानंतर त्यांच्यातील बहुसंख्य सोव्हिएत संघात परतले. पण त्यांना स्वतःच्या गावी जाऊ देण्यात आले नाही.

एप्रिल १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष मौनो कोइविस्टो यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या लोकांना मायदेशी परतणारे मानता येईल, असे सूचित केले आणि दार उघडले. सोव्हिएत ओळखपत्रातील राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात लिहिलेला 'फिन' हा शब्द एकेकाळी संशयाचे व छळाचे कारण झाला होता. तोच आता प्रवेशाचा पुरावा ठरला. पुढील काळात सुमारे तीस हजार माणसे फिनलंडमध्ये आली.

परंतु दार उघडल्यानंतर अटीही आल्या. शतकाच्या वळणानंतर भाषेची परीक्षा आवश्यक झाली. येणाऱ्याला समाजात मिसळता यावे, हा त्यामागील हेतू गैर म्हणता येणार नाही. तथापि ज्यांच्या शाळा बंद पाडल्या गेल्या, ज्यांनी भयापोटी मुलांशी घरातही रशियन बोलणे पत्करले, त्यांच्या नातवंडांना फिनिश का येत नाही, असे विचारणे म्हणजे अन्यायाचा परिणामच अपात्रतेचे कारण ठरविणे होय. अखेर २०११ मध्ये नव्या नोंदण्या थांबल्या आणि २०१६ मध्ये ही योजनाच संपुष्टात आली. युद्धकाळात फिनलंडच्या सैन्यात सेवा केलेल्यांना आणि १९४३-४४ मध्ये तेथे नेल्यानंतर परतलेल्यांना कायद्यात स्थान राहिले. पण ती पिढी आता जवळजवळ मावळली आहे.

कोणत्याही राष्ट्राला आपल्या दारावर मर्यादा घालण्याचा अधिकार आहे, यात शंका नाही. प्रश्न मर्यादेचा नसून निकषाचा आहे. नागरिकत्वाची नोंद मोजणे सोपे, म्हणून फिनलंडचा कायदा नोंद मोजतो. मिशिगनमध्ये सुखाने वाढलेल्या नातवाजवळ अशी नोंद असते. इंग्रियन नातवाजवळ ती नसते, कारण त्याचे पूर्वज कधी फिनिश नागरिक नव्हते. ते केवळ फिन होते, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. या दुसऱ्या नात्यासाठी कायद्याच्या रकान्यात आता जागा उरलेली नाही.