फासा सारखा, मग कसोटी न्याय्य का नाही?

खेळात कसला आलाय न्याय-अन्याय, ज्याचे दान पडेल तो जिंकेल, असे आपण सहज बोलून जातो. आम्हीही तसेच समजत होतो. पण सुटीत आमच्या घरी मुलांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव मांडला, सूत्रधाराची जागा आम्हाला दिली आणि आमचे डोळे उघडले.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि वीस बाजूंचा फासा टाकून काम जमले की फसले ते ठरते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ‘स्किल चॅलेंज’, म्हणजे कौशल्याची कसोटी आली. एका दानावर निकाल न लावता सर्वांनी मिळून ठरावीक यशे मिळवायची. तीन अपयशे झाली की कसोटी हरली.

आम्ही प्रसंग दिला, पुराची नदी ओलांडून गावाला औषध पोचवायचे. यशे बारा हवीत. फाशावर आठ किंवा अधिक पडले की यश. वीसपैकी तेरा बाजू मुलांच्या, म्हणजे आम्ही उदारच! तरी मुले तीनदा खेळली, तीनदा हरली.

रात्री कागद घेऊन हिशोब मांडला. याच आकड्याने चार यशांची कसोटी शंभरात सुमारे पासष्ट वेळा पार पडते. बारा यशांची जेमतेम आठ वेळा. खेळाच्या कर्त्यांचाही हिशोब आधी चुकला होता. पहिल्या छापील नियमात चार यशांच्या कसोटीत दुसऱ्या अपयशालाच डाव संपे. त्याच वर्षी दुरुस्ती होऊन अपयशे तीन झाली.

दुसरी चूक मात्र निव्वळ आमची. ज्याच्या पात्राचे गुण अधिक तोच दरवेळी फासा टाकी. धाकटी पुतणी तासभर गप्प होती. शेवटी म्हणाली, “काका, मी खेळतेय की नुसती बघतेय?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता आम्ही कसोटी चार यशांची ठेवतो. लांबवायची तर लागणारा आकडा उतरवतो. तो आकडा फासा टाकण्याआधी सांगतो, मग बदलत नाही. यश-अपयशाच्या रेघा सर्वांसमोर कागदावर ओढतो. पाळी प्रत्येकाला मिळते. कुणी चांगली युक्ती काढली तर दान सोपे करतो. आणि हरले तरी गोष्ट थांबत नाही. औषध पोचते, पण उशिरा, नाव गमावून.

परवा पुतणीचे पात्र नावाड्याची मुलगी होते. भोवरा कुठे आहे ते आपण ओळखू, असे तिने सांगितले आणि फासा टाकला. पाच पडले, अपयश! ती हसली आणि फासा शेजारच्याच्या हातात देत म्हणाली, “आता तुझी पाळी.”

पालकहो, मुलांच्या डावात सूत्रधार व्हाल तेव्हा आधी हिशोब मांडा आणि मग पाळ्या मोजा. दान वाईट पडले तर मूल ते विसरते. पाळीच मिळाली नाही हे ते विसरत नाही.