कोतवाल बुकातले आजोबा

झरी जामणी तालुक्यातल्या कुणी आपल्या खानदानाचा जुना कागद शोधायला घेतला की पहिली अडचण नावाचीच येते. जुन्या दप्तरात झरी जामणी हा तालुकाच नाही. ही गावे पूर्वी वणी आणि केळापूर या तालुक्यांत होती. केळापूरचे ठाणे पांढरकवडा, त्यामुळे तिथलीही चौकशी करावी लागते. त्याहून मागे गेलो तर जिल्ह्याचे नावही यवतमाळ राहत नाही. इंग्रजी अमदानीत तो ‘वून’ जिल्हा होता, म्हणजे वणीच. यवतमाळ हे नाव 1905 साली आले.

वऱ्हाडचा कारभार 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे गेला. 1903 पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिला, 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. एकाच घरातल्या चार पिढ्यांच्या कागदांवर चार वेगवेगळ्या राज्यांची नावे असू शकतात, आणि हे घर एका गावातून हललेलेही नसते! खिडकीवरचा नवा कारकून असा कागद बघून कपाळाला आठ्या घालतो. तेव्हा हा इतिहास आपल्यालाच ठाऊक असलेला बरा.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते कोतवाल बुक. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल त्याची खबर देई आणि ती वहीत चढे. तारीख, बापाचे नाव, जात, गाव एवढाच मजकूर. पुष्कळदा बाळाचे नाव नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. नोंद होई तेव्हा बाळाचे नाव ठरलेलेच नसे. म्हणून आजोबांचा जन्म शोधायचा तर आजोबांच्या नावाने नव्हे, पणजोबांच्या नावाने पाने चाळावी लागतात.

नावांचे लिखाण हा आणखी एक घोळ. शेख महेबूब एका पानावर ‘महिबूब’ असतो, दुसऱ्यावर ‘शे. मेबुब’. बापाचे नाव ‘वल्द’ लावून येते, बायको ‘जौजे’ अमुक म्हणून आणि विधवा ‘बेवा’ म्हणून. तहसील, महसूल, दप्तर, नक्कल, वारस, हक्क हे सरकारी मराठीतले शब्द अरबी-फारसीतून आलेले, आपल्या कानांना ओळखीचेच. पण वल्द आणि जौजे आजच्या मुलांना कळत नाहीत, म्हणून समोर असलेली नोंदही नजरेतून निसटते.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. मुलाचा प्रवेश अडतो तेव्हा उत्तर मिळते. महाराष्ट्रात पिंजारी, मोमीन, अत्तार, बागवान, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत, छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच. कागद जितका जुना तितके त्याचे वजन जास्त. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला तर फारच.

आणि आपल्या घरांची दुखरी नस इथेच आहे. पटवाऱ्याने किंवा गुरुजींनी जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढाच शब्द लिहून ठेवलेला असतो. आजोबा आयुष्यभर कापूस पिंजत होते, साऱ्या गावाला ते पिंजारी म्हणून माहीत, पण कागद गप्प. मग एका कागदावर थांबून चालत नाही. चुलत आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज, आत्याच्या जन्माची नोंद, जुने खरेदीखत, यांपैकी कुठेतरी धंदा किंवा बिरादरी लिहिलेली सापडते. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची नोंदही पुरावा म्हणून चालते. नाते मात्र वंशावळीत सलग जुळायला हवे. शाळा उर्दू असेल तर रजिस्टरही उर्दूत असते. त्याच्या नकलेबरोबर मराठी भाषांतर जोडावे.

पैनगंगेपलीकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांचा मामला आणखी निराळा. नदीच्या त्या अंगाला आदिलाबाद, 1948 पर्यंत निजामाचा मुलूख. तिथले जुने सरकारी कागद उर्दूत आणि सन फसली. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन निघतो: फसली 1350 म्हणजे 1940-41. तिकडच्या लोकांना 1954-55 ची ‘खासरा पहाणी’ पाठ असते, कारण जमिनीचा वाद निघाला की पहिल्यांदा तीच पाहिली जाते. आजी तिकडची असेल तर तिच्या माहेरचा कागद आता तेलंगणात शोधावा लागेल.

अमेरिकेतही खेड्यापाड्यांच्या ‘काउंटी’ची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि लग्नाच्या नोंदी काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत ठेवायची पद्धत आहे. काही ठिकाणी त्या इमारतींना आगी लागल्या. अशा काउंट्यांना तिथले वंशशोधक ‘जळालेल्या काउंट्या’च म्हणतात आणि शेजारच्या काउंटीत, चर्चच्या वहीत किंवा कराच्या यादीत पूर्वज शोधतात. आपल्याकडे आगीपेक्षा वाळवी आणि गळके छप्पर जास्त कामाला लागलेले असते, पण उपाय तोच. कोतवाल बुकाचे पान फाटले असेल तर काझींच्या निकाहाच्या वहीत पाहावे. ती सरकारी नसली तरी शोधाचा धागा देते.

एक गोष्ट मात्र दप्तराच्या माथी मारता येत नाही. वालिद गेल्यावर वारसाचा फेरफार होतो, त्यात मुलांची नावे चढतात आणि मुलींची राहून जातात. तलाठ्याला बहिणी सांगितल्या कोणी? अर्ज तर भावांनीच दिलेला असतो. चाळीस वर्षांनी भाचा आईचा हिस्सा मागायला येतो तेव्हा सात-बारावर त्याच्या आईचे नावच नसते. देणे-घेणे लिहून ठेवायची ताकीद ज्यांना लहानपणापासून माहीत आहे त्यांच्या घरी हे घडावे, याचे आम्हाला नवल वाटते.

शोध घेणाऱ्याने आधी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून वंशावळ लिहावी: नावे, टोपणनावे, गाव, अंदाजे साल. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा. अर्जात गावाचे नाव, जुना तालुका आणि पाच-सात वर्षांचा पट्टा लिहावा. एकच साल दिले तर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा हाती पडतो. तसा शेरा आला तरी लेखी घ्यावा, पुढे तोही लागतो. जमिनीचे नकाशे आणि मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात, खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे. मोडीतले पान निघाले तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. प्रमाणित नकलेवर शिक्का, सही आणि तारीख तिथेच तपासावी आणि मूळ प्रत घरी ठेवून बाहेर झेरॉक्स द्यावी.

ज्यांच्या घरी ऐंशी ओलांडलेली नानी आहे त्यांनी वंशावळीचे काम याच महिन्यात उरकावे. कोणत्या मामूचे खरे नाव काय होते, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते.