उष्णतेची बेगमी

वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती कोठे ना कोठे खर्ची पडली पाहिजे, हा विद्युत्-व्यवसायातील मूळ पेच आहे. दिवसा गिरण्या, कचेऱ्या आणि आगगाड्या चालू असताना जी जनित्रे अपुरी पडतात, तीच मध्यरात्रीनंतर गावे निजली म्हणजे गिऱ्हाइकाविना फिरत राहतात; कारण मोठ्या केंद्रातील भट्टी घटकाभर विझवावी आणि पुन्हा पेटवावी, इतके ते काम सोपे नसते. विजेचा संचय करणे खर्चाचे असले, तरी उष्णतेचा संचय मनुष्याला फार जुन्या काळापासून साधलेला आहे. आणि ज्या देशांत वर्षातील पाच-सहा महिने घर उबदार राखणे ही चैन नसून जीविताची निकड असते, तेथे रात्रीच्या स्वस्त विजेने पाणी तापवावे, ते मोठ्या टाकीत राखावे आणि दुसऱ्या दिवशी तेच नळांतून खोल्याखोल्यांत फिरवावे, अशी तजवीज प्रचारात आली. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी सरपणाची बेगमी करतात, तशीच ही उष्णतेची बेगमी. मात्र ती रोज रात्री नव्याने करावी लागते.

या व्यवस्थेचा बोलका दाखला ब्रिटनमध्ये आढळतो. काल्डर हॉल येथील अणुवीज केंद्राचे उद्घाटन 1956 साली एलिझाबेथ राणीच्या हस्ते झाले आणि पुढे अशा केंद्रांची संख्या वाढत गेली. अणुभट्टी अहोरात्र एकाच गतीने चालविण्यातच हित असल्यामुळे रात्रीच्या विजेला गिऱ्हाईक मिळविणे अगत्याचे झाले, आणि 1978 साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची दरपद्धती अमलात आली. तिच्या अन्वये रात्रीच्या सात तासांचा दर दिवसाच्या दराहून बराच कमी असे आणि दोन्ही दरांची वीज मीटरवर वेगवेगळी नोंदली जाई. पुष्कळ घरांनी विटांच्या गाभ्याचे तापक बसविले; काहींनी पाण्याचा मार्ग पत्करला. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश घरांत कपड्यांच्या कपाटाशेजारी तांब्याची उभी टाकी असते आणि तिला विजेची दोन कॉइले असतात. तळाजवळचे कॉइल रात्री आपोआप सुरू होऊन सगळी टाकी तापविते. माथ्याजवळचे कॉइल दिवसा निकड पडल्यास वरचे थोडेसे पाणी तापविण्यापुरते असते. तेथे नव्याने बिऱ्हाड करणाऱ्या मराठी कुटुंबाने या दोन खटक्यांतील भेद पहिल्याच दिवशी समजून घ्यावा, कारण दिवसभर वरचे कॉइल चालू राहिले तर स्वस्त दराचा लाभ हातचा जातो.

पाण्याचीच निवड का, याचे उत्तर त्याच्या उष्णताग्राही गुणात आहे. वजनास वजन घेतले तर पाणी विटेच्या सुमारे पाचपट उष्णता धारण करते. विजेचे एक युनिट 860 लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविते. मुंबईच्या एखाद्या घरातील 25 लिटरचा गीझर 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला जवळजवळ एक युनिट लागते, ते याच हिशेबाने. आता 1000 लिटरची टाकी 40 अंशांवरून 80 अंशांवर नेली, तर तीत सुमारे 46 युनिटे उष्णता जमा होते, आणि ती सात तासांत भरावयाची तर साडेसहा किलोवॉटांहून अधिक शक्तीचे कॉइल हवे.

ही 46 युनिटे घराला किती काळ पुरतील, हा प्रश्न टाकीचा नसून घराचा आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. बाहेर शून्य अंश आणि आत 20 अंश असताना, फटी राहिलेल्या जुन्या दगडी घरातून सतत चार किलोवॉट उष्णता निसटत असेल, तर दिवसाकाठी 96 युनिटे लागतील आणि टाकी अर्ध्या दिवसातच रिकामी होईल. उलट, ज्याच्या भिंती आणि छप्पर यांना उष्णतारोधक अस्तर आहे, खिडक्यांना दुहेरी काचा आहेत आणि ज्यातून 1.6 किलोवॉटच बाहेर जाते, त्या घराला सबंध दिवसाला 38 युनिटे पुरतात. म्हणून टाकी विकत घेण्यापूर्वी भिंतींचा बंदोबस्त करावा. हा क्रम उलटा केला तर टाकी कितीही मोठी घेतली तरी अपुरीच पडते.

टाकीच्या आत जे घडते ते फार सुंदर आहे. ऊन पाणी हलके, म्हणून ते वर राहते. थंड पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते. आणि कोणी ढवळले नाही तर दोहोंच्या मधोमध एक पातळ सीमा तासन्‌तास टिकून राहते. माणसाहून उंच अशा टाकीच्या अंगावर वर, मध्ये आणि खाली तीन तापमापक बसविलेले असतात. सकाळी तिन्ही काटे 80 अंशांजवळ असतात आणि दुपारी पाहावे तर वरचा तेथेच असून खालचा मात्र 35 अंशांवर उतरलेला असतो. घरातून परतणारे पाणी तळाशी अगदी हळू सोडावे लागते, कारण ते वेगाने घुसले की हे थर मोडतात. अर्धी टाकी 80 अंशांची आणि अर्धी 30 अंशांची असणे, आणि सगळी टाकी 55 अंशांची असणे, यांत उष्णतेचा जमाखर्च सारखाच. परंतु पहिल्या टाकीतून जुन्या रेडिएटरांना हवे तसे कढत पाणी मिळते, दुसरीतून केवळ कोमट. याच कारणाने फरशीखालून नळ्या फिरवून 35 अंशांच्या पाण्यावर घर उबदार ठेवता आले, तर त्याच टाकीची शिल्लक पुष्कळ वाढते. कारण जे पाणी रेडिएटरला निरुपयोगी, ते फरशीला अजून कामाचे असते.

सुरक्षिततेची कलमे थोडकीच, पण अनिवार्य आहेत. 10 अंशांचे पाणी 80 अंशांवर गेले की 1000 लिटरमागे सुमारे 29 लिटरांनी फुगते. त्याला प्रसरणपात्र आणि दाब सोडणारी झडप नसेल तर टाकी फुटण्याचा धोका असतो. एक टन पाण्याचे ओझे लाकडी तक्तपोशीवर ठेवू नये. त्याची जागा तळघरात किंवा पक्क्या जमिनीवर. फिलाडेल्फियातील एका हॉटेलात 1976 साली उद्भवलेल्या साथीमुळे जो लेजिओनेला जंतू उघडकीस आला, तो कोमट पाण्यात फोफावतो. म्हणून स्नानाचे पाणी टाकीतच साठवीत असल्यास ते 60 अंशांपर्यंत तापविण्याचा दंडक आहे.

आक्षेप खरा उरतो तो वेगळाच. कोळशाच्या केंद्रात इंधनातील उष्णतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची, फार तर त्याहून थोड्या अधिक भागाची वीज होते. तीच वीज घरी नेऊन पुन्हा उष्णता करणे म्हणजे उधळपट्टी. शिवाय उष्णता-पंप एका युनिटात बाहेरच्या हवेतून तीन युनिटांच्या आसपास उष्णता आत आणतो, आणि कॉइल एकाचे एकच देते. डेन्मार्क सरकारने हा आक्षेप मनावर घेऊन, जेथे सामुदायिक उष्णतेची अथवा नैसर्गिक वायूची नळयोजना होती, तेथील नव्या इमारतींत विजेवर घर तापविण्याला 1988 साली मनाई केली. त्या घटकेला तो निर्णय योग्यच होता. पुढे त्याच देशात पवनचक्क्या इतक्या वाढल्या की अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळू लागली. आणि वादळी रात्री वीज मातीमोल होऊ लागली तेव्हा गावोगावच्या सामुदायिक केंद्रांनी विजेचे प्रचंड बाष्पक बसवून तिचे कढत पाणी करून ठेवण्यास आरंभ केला. कॉइल तेच, पाणी तेच; विजेचा उगम आणि तिची वेळ बदलली, म्हणून निवाडा बदलला.

अशा सार्वजनिक संचयाला भूमितीही अनुकूल असते. टाकीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की तीत आठपट पाणी मावते, पण उष्णता जेथून निसटते तो पृष्ठभाग चौपटच होतो. घरगुती टाकी, दहा सेंटिमीटर जाडीचे आवरण असूनही, दिवसाला दोन-तीन युनिटे गमावते आणि तिचा साठा दिवसा-दोन दिवसांचा. डेन्मार्कमध्येच, दक्षिण जटलंडमधील वोयेन्स गावी मात्र वाळू-खडीच्या जुन्या खाणीत अस्तर अंथरून आणि वर तरंगते झाकण घालून 2015 साली दोन लक्ष घनमीटर पाण्याचा जो साठा तयार झाला, त्यात उन्हाळ्यात सूर्याने तापविलेले पाणी हिवाळ्यापर्यंत कामास येते.

महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज क्वचितच पडते, पण टाकी आणि कॉइल यांची जोडी पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर सौरबंबाच्या रूपाने वर्षानुवर्षे नांदते आहे. तेथेही वेळेचाच नियम लागू पडतो. सकाळची स्नाने आटोपल्यावर कॉइल चालू ठेवले तर सूर्य वर येईपर्यंत टाकी विजेनेच भरून जाते आणि फुकटच्या उन्हाला आत जागा राहत नाही. म्हणून ते एरवी बंद ठेवावे आणि आदला दिवस ढगाळ गेला असेल तरच पहाटे, गरजेपुरते, लावावे.