गावाची सही

वरवंडच्या ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला घ्यायला गेलं की सही झाली तरी आपण हात पुढे करत नाही. रबरी शिक्का पॅडवर दाबला जातो, मग कागदावर. जांभळं वर्तुळ उमटलं की दाखला झाला.

सही माणसाची, शिक्का कुणाचा? गावाचा. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यानं पंचायतीला कायम टिकणारी संस्था मानून स्वतःची मोहोर दिली आहे. सरपंच बदलतात, मोहोर बदलत नाही. जर्मनीतल्या कित्येक शहरांची मानचिन्हंही अशा मोहरांतूनच आली. बर्लिनच्या १२८०च्या मोहरेवर अस्वलं आहेत. जर्मनमध्ये अस्वलाला 'बेर' म्हणतात, त्यामुळे ती नावावरची कोटीच झाली. मूळ नाव मात्र दलदलीच्या स्लाव्ह शब्दावरून आलेलं.

आपल्याकडे मोहरेचं हे काम नांगरानं केलं. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर लिहीत. त्याखाली गावचे हक्कदार आपापली निशाणी करत: पाटलाचा नांगर, शेटे-महाजनाचा तराजू, न्हाव्याचा आरसा. चार रेघांचं चित्र, पण त्यावरून कोण कुठल्या नात्यानं साक्षीला उभा आहे ते कळे. अंगठ्याची गोष्ट वेगळी. अंगठा ज्याचा त्याचा, नांगर मात्र पाटीलकीचा. बाप गेला की मुलगा तोच नांगर काढी. म्हणून तर पाटीलकी भावाभावांत वाटली गेली की नांगर आधी कुणी काढायचा यावरूनही मानपान होई. (आज तीच जागा लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमानं घेतली आहे.)

दरबारी कागदाची रीत आणखी पक्की. शिवाजी महाराजांच्या पत्रावर माथ्याला अष्टकोनी राजमुद्रा, तीही संस्कृतात. कारभारात फारसीचा वरचष्मा होता त्या काळात. मजकूर संपला की शेवटी छोटी मोहोर, ती मोर्तब. पत्राची मर्यादा इथे संपली, एवढंच ती सांगते. वर शिक्का, खाली मोर्तब; पाठीमागे कागदाच्या सांध्यांवरही मोहोर, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटवायची सोय नाही. बैठकीत एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो तेव्हा आपण या दोन्ही मोहरांची नावं घेत असतो.

दाखल्यावर मोर्तब नसतं. मजकूर आणि सही यांच्यामध्ये चार बोटं जागा कोरी राहते. लिपिक तिथं एक तिरकी रेघ ओढतो आणि कागद आपल्याकडे सरकवतो.