काउंटरवरची माती

नोव्हेंबर लागला की मिसरोदच्या खत-बियाण्यांच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या तिरक्या उभ्या राहतात आणि भोपाळ-नर्मदापुरम हमरस्त्यावर हॉर्नचा गोंगाट वाढतो. सोयाबीन निघालेलं असतं, जमिनीतली ओल उडायच्या आत गहू-हरभरा पेरायची घाई असते. आजूबाजूला उंच इमारती, शाळांच्या पिवळ्या बसेस, ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या. मिसरोद आता भोपाळ महापालिकेत आहे. तरी ग्यारह मीलच्या फाट्यापलीकडून, भोजपूरच्या वाटेवरच्या गावांतून शेतकरी अजून इथेच येतात, कारण वडिलांचं खातं याच दुकानात होतं.

ही दुकानं बहुतेक घरची. वडील गल्ल्यावर, थोरला मुलगा मशीनवर, धाकटा गोदामात, आणि वह्या-रजिस्टरं बऱ्याचदा घरातली सून सांभाळते. रजिस्टरं थोडीथोडकी नाहीत. खताचा परवाना 1985च्या खत नियंत्रण आदेशाखाली, बियाण्याचा 1983च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली, कीटकनाशकांचा 1968च्या कायद्याखाली. तिन्हींचे साठे वेगळे, बिलं वेगळी. दर्शनी भागात साठा आणि भाव लिहिलेला फलक हवाच. 2018 पासून अनुदानाचं खत पॉस मशीनवर ओळख पटवल्याशिवाय निघत नाही, आणि ती बहुधा अंगठ्यानेच पटवली जाते. वर्षानुवर्षं मातीत राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्या म्हाताऱ्याचा अंगठा मशीन तीन-तीनदा नाकारतं. मग रुमालाने बोट पुसायचं, पुन्हा टेकवायचं. मागची रांग कुरकुरते.

“भैया, आठ बोरी डीएपी.”

मागणी अशी येते, गोण्यांत. जमीन किती, मागच्या वर्षी काय टाकलं होतं, हे गिऱ्हाईक आपणहून सांगत नाही. काउंटरपलीकडचा माणूस चांगला असेल तर तो आधी तेच विचारतो. जमीन निघते चार एकर. म्हणजे एकरी दोन गोण्या. इथे एक साधा हिशेब आहे, आणि माती राखण्याची अर्धी गोष्ट त्यातच येते. डीएपीच्या 50 किलोंच्या गोणीत 46 टक्के स्फुरद, म्हणजे 23 किलो. एकरी एक गोणी म्हणजे हेक्टरी साधारण 57 किलो. बागायती गव्हाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 60 किलोंच्या आसपास आहे. मातीची तपासणी न करताही एक गोणी पुरते! दुसरी गोणी सवयीची, शेजाऱ्याच्या शेताकडे पाहून घेतलेली. ती नुसती वाया जात नाही. काळ्या जमिनीत बराचसा स्फुरद मातीलाच बांधला जातो, आणि त्याचं प्रमाण वाढलं की पिकाला जस्त मिळेनासं होतं. पानं पिवळी पडली की हाच शेतकरी परत येतो आणि युरिया मागतो. युरियाची 45 किलोंची गोणी 266 रुपये 50 पैशांना. तिच्यावर हात सैल सुटायला काही लागत नाही.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहावं. युरियाच्या एका गोणीमागे त्याला वीस रुपयेही सुटत नाहीत. उतरवायची हमाली आणि फाटलेल्या गोण्या त्यातच. खरा नफा औषधांत. म्हणजे कमी विका, तपासून विका, असा सल्ला देणारा दुकानदार स्वतःच्या पोटावर पाय देत असतो. तरी काही जण तो देतात. त्याला कारण आहे उधारी. घरच्या दुकानातला बराच माल पीक हाती आल्यावरच्या वायद्यावर जातो. पीक बसलं तर पैसे बुडाले. कंपनीचा विक्री प्रतिनिधी वर्ष-दोन वर्षांत बदलून जातो. दुकान तिथेच असतं, आणि शेतकऱ्याच्या मुलाची लग्नपत्रिका त्याच दुकानात येते. या नात्याला उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. उधारीवर घेणारा शेतकरी भाव करू शकत नाही, दुकानदार देईल तीच बाटली उचलतो. पण जमिनीचा कस टिकण्यात ज्याचे स्वतःचे पैसे गुंतलेत, असा माणूस शेताबाहेर दुसरा कोणी नाही, हेही खरं.

या दुकानदाराच्या शिकण्याची सोय उशिरा झाली. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने 2003 साली निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाची वर्षभराची पदविका सुरू केली. 48 आठवडे, त्यांत 40 वर्ग आणि 8 शिवारफेऱ्या, सगळं बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. पुढे कीटकनाशक नियम बदलले, परवान्याला शिक्षणाची अट लागली, आणि पन्नाशीतले दुकानदार पुन्हा बाकावर जाऊन बसले. वीस वर्षं ज्या डब्यांचे भाव तोंडपाठ होते, त्यांवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा नीट लिहून घेतला.

भोपाळात तरी हे त्रिकोण नुसते रंग नाहीत. 1984च्या डिसेंबरात ज्या कारखान्यातून वायू सुटला, तो कीटकनाशकाचा होता. ‘सेविन’ नावाने विकलं जाणारं कार्बारिल तिथे बनायचं. त्या कार्बारिलवर देशात बंदी आली ती 2018 साली. कारखान्याच्या आवारातला 337 टन विषारी कचरा पीथमपूरला हलवला गेला तो जानेवारी 2025 मध्ये.

मातीच्या बाबतीत मात्र भोपाळ नशीबवान म्हणायचं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बैरसिया रस्त्यावरच्या नबीबागेत भारतीय मृदा विज्ञान संस्था 1988 पासून आहे. शेजारी शेती-अवजारांची केंद्रीय संस्था, ती 1976ची. छोट्या पेटीत मावणारी ‘मृदापरीक्षक’ ही फिरती प्रयोगशाळा याच मृदा संस्थेने घडवली. 2015 साली आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंत बारा गोष्टी छापलेल्या असतात. पत्रिका पुष्कळांच्या घरी आहे. बहुधा ट्रंकेत, खसरा-खतौनीच्या, म्हणजे सातबाऱ्याच्या इथल्या भावंडाच्या, घडीत.

मुळात नमुना नीट घेतला नसेल तर ती पत्रिका तिथेच राहिलेली बरी. एका शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा जागा धरायच्या. बांध, झाड, विहीर, उकिरडा यांच्या जवळची माती नको. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा, साधारण 15 सेंटिमीटर खोल, आणि त्याच्या उभ्या भिंतीवरून बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची, आत नाव आणि गट नंबरची चिठ्ठी. पण शेतकरी माती आणतो कशातून, तर युरियाच्या रिकाम्या गोणीतून! मग प्रयोगशाळेत नत्र भरपूर दिसतं आणि पीक उपाशी राहतं. म्हणून जाणता दुकानदार काउंटरखाली शिवलेल्या कापडी पिशव्या ठेवतो, आणि डीएपी मागायला आलेल्याच्या हातात आधी पिशवी देतो. त्याने सोयाबीनला डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट सुचवलं, तर तेही उगाच नसतं. सुपरमध्ये गंधक असतं, तेलबियांना ते लागतं, डीएपीत ते नसतं.

या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हात हातभर भेगाळते. पूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात खोल काळ्या रानांना पावसाळ्यात कोणी हातच लावत नसे. ‘हवेली’ पद्धतीत शेताला उंच बांध घालून चार महिने पाणी अडवून ठेवत आणि ते उतरलं की गहू पेरत. माती जागेवर राही, तणही मरे. 1970च्या दशकापासून सोयाबीन आलं आणि पावसाळ्यात पडीक राहणारी ती रानं भरली. पैसा आला, पण धो धो पावसात नांगरलेलं रान उघडं पडू लागलं. त्यावरचा उतारा म्हणजे रुंद वरंब्यावर पेरणी, आपल्याकडे जिला सगळे बीबीएफ म्हणतात. इक्रिसॅटने तिची मांडणी 1970च्या दशकातच केली होती. जादा पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला तर वरंब्यातली ओल टिकते, बियाणंही कमी लागतं. पेरणीयंत्र प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही. दुकानाने एक घेऊन एकराच्या हिशेबाने भाड्याने फिरवलं तर त्याला गोणीपेक्षा जास्त सुटतं.

सगळ्यात अवघड महिना एप्रिल. गहू कापणीयंत्राने निघतो, वावरात धसकटं उभी राहतात. इथे त्याला नरवाई म्हणतात. तवा धरणाच्या कालव्याखाली नर्मदापुरमकडे आणि पाणी असलेल्या इतर पट्ट्यांत लगेच उन्हाळी मूग पेरायचा असतो, म्हणून काडी लावली जाते. गव्हाच्या हंगामात उपग्रहाने टिपलेल्या आगींत मध्य प्रदेश अलीकडे देशात आघाडीवर आहे. सरकारने दंड लावला. 2025च्या मेपासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे आणि हमीभावाची खरेदी बंद करण्याचंही ठरवलं. मूग पुढे पावसाच्या आत वाळावा म्हणून त्यावर तणनाशक मारतात. 2025 साली याच कारणावरून राज्य सरकारने मुगाची खरेदी करायला आधी आढेवेढे घेतले, मग शेतकऱ्यांच्या रेट्याने ती केली. ते तणनाशक कोण विकतं? हेच दुकान. न विकणाऱ्याचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, दहा पावलांवर. इथे दुकानदाराच्या सद्बुद्धीवर विसंबणं भाबडेपणाचं आहे.

दुकानातून जमिनीचं भलं करता येतं आणि धंदाही वाढतो, याचा मोठा दाखला आपल्याच जळगावचा. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी 1963 साली घरातल्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर घासलेट विकायला सुरुवात केली. मग खतं, बियाणी, पाइप यांच्या एजन्स्या घेतल्या, आणि पुढे तेच घर ठिबकसाठी देशभर ओळखलं गेलं. विकायची वस्तूच पाणी वाचवणारी निवडली, म्हणून हे जमलं. मिसरोदच्या दुकानाला असं काही विकायला मिळालं पाहिजे.

17 ऑक्टोबर 2022 रोजी पंतप्रधानांनी 600 किसान समृद्धी केंद्रांचं उद्घाटन केलं. देशातली सव्वातीन लाखांवर खतदुकानं टप्प्याटप्प्याने तशी करायची, तिथेच माती तपासायची, अवजारं मिळायची, असा बेत. बेत चांगला आहे. पण पाटी रंगवायला एक दिवस लागतो. जोवर नमुना घेण्याचे, अहवाल समजावून सांगण्याचे पैसे दुकानदाराला मिळत नाहीत, तोवर त्याची चूल गोणी आणि बाटलीवरच पेटणार.

तुमची गावाकडे शेती असेल, तर उन्हाळ्यात रान मोकळं असताना नमुना काढा, ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात द्या, आणि अहवाल वाचून दाखवण्याचे पैसे त्याने मागितले तर देऊन टाका. पुढच्या पेरणीला त्याने दोनऐवजी एकच गोणी पुढे केली, तर दुकान बदलू नका.