फायबरची होडी: भोक बुजवणे हे अर्धेच काम

"आमच्या ओळखीच्यांकडे एक जुनी फायबरची होडी पडून आहे, तुमच्या लोकांना उपयोगी पडेल का?" असे आपल्यापैकी काही जण अधूनमधून विचारतात. टोकावड्यासारख्या डोंगराकडच्या गावात होडीचे काय काम, असेही कुणाला वाटेल. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातसा, तानसा, बारवी अशी मोठी धरणे आहेत, आणि धरणांच्या पाण्यालगत कातकरी व ठाकूर वाड्या आहेत. तिथले लोक मासे धरतात ते ट्रकच्या ट्यूबवर बसून, नाहीतर पोत्यात भरलेल्या थर्माकोलवर पोट टेकून. जाळे टाकायला रात्री जायचे आणि पहाटे काढायचे. वारा सुटला की ट्यूब नेईल तिकडे माणूस जातो.

म्हणून होडी हवी. ती असली तर दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल न घेता घरी राहता येईल, असा एका वाडीतल्या दोन घरांचा हिशोब आहे. त्यांच्यासाठी गेल्या वर्षी किनाऱ्याकडून एक फुटकी होडी मिळाली. बारा फूट लांब, वजन सुमारे ८० किलो, तळाला वीतभर चीर. ती दुरुस्त करताना जे कळले ते इथे लिहितो. होडी देऊ पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि तिला घट्ट धरणारे रेझिन. ताकद तंतूंची असते, रेझिन त्यांना जागेवर ठेवते. त्यामुळे चिरेत नुसते रेझिन किंवा पुट्टी भरली की वरून छान दिसते आणि पहिल्याच दगडावर निघून येते. आमच्या होडीला आधी कुणीतरी डांबर आणि पुट्टी दोन्ही लावले होते. ते खरवडण्यातच दोन सकाळी गेल्या.

चीर दिसते तेवढीच नसते. एक रुपयाच्या नाण्याने तळावर ठोकत जायचे. चांगल्या जागी टणटण आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. तिथे खडूने खूण करायची आणि बद्द वाजणारे सगळे काढून टाकायचे. मन होत नाही, कारण लहान भोक मोठे होते. पण सुटलेल्या थरावर नवा थर चिकटवणे म्हणजे पोपडा आलेल्या भिंतीला रंग देणे.

मग होडी वाळवायची. चिरेतून पाणी थरांत शिरलेले असते आणि ओल्या काचेला रेझिन धरत नाही. गोड्या पाण्याने धुऊन आम्ही ती पंधरा दिवस आंब्याखाली पालथी ठेवली. पावसाळ्यात हे काम करूच नये. एप्रिल-मे हाच काळ बरा, पण नेमकी तेव्हा निम्मी वाडी भट्टीवर असते. हाताशी दोन तरुण आणि एक आजोबा होते, आणि खरे सांगायचे तर आजोबांच्या हाताला तरुणांपेक्षा जास्त चिकाटी होती.

भोकाच्या कडा ग्राइंडरने उतरत्या घासायच्या. जाडीच्या बारा पट लांब उतार असावा. तळ चार मिलिमीटर जाड असेल तर चारी बाजूंनी सुमारे पाच सेंटिमीटर. नवा तुकडा जुन्या भागाला कडेने नव्हे, या उतारावर चिकटतो. पकड सगळी तिथली असते. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला भयंकर खाजते आणि छातीत गेली तर वाईट. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा आणि मुले लांब.

रेझिन आपोआप वाळत नाही. त्यात आधी कोबाल्ट आणि मग हार्डनर मिसळावे लागते. कोबाल्ट आधी पूर्ण ढवळून घ्यायचे, त्यानंतर हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. बाटल्याही वेगळ्या ठेवायच्या. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहायचे आणि दवाखाना गाठायचा. काम सुरू करण्याआधी पाण्याची बादली शेजारी भरून ठेवत होतो.

हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक टक्का पुरतो, म्हणजे अर्ध्या किलोला पाच ग्रॅम. सकाळी सात ते दहा एवढाच वेळ कामाचा. ऊन चढल्यावर कालवलेले रेझिन डब्यातच तापून दगड होते.

होडीच्या आतून भोकाला प्लॅस्टिक लावलेल्या पुठ्ठ्याचा आधार दिला आणि बाहेरून मॅटचे चार थर बसवले, सर्वांत मोठा तुकडा आधी. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. मॅट पूर्ण भिजली की पांढरी राहत नाही. जिथे पांढरे दिसते तिथे हवा अडकलेली असते, ती ब्रशने टोचून आणि रोलर फिरवून काढायची. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा काढून आतली बाजू खरखरीत घासली आणि तिथे दोन थर दिले.

इथपर्यंत दुरुस्ती झाली. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी काठाइतकी तरंगत राहते. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड असते. अशी होडी भरली की तळाशी जाते, आणि धरणात तळ कुठे आहे ते कुणाला ठाऊक? ट्यूबवरून होडीत आलेला माणूस आपण सुरक्षित झालो असे समजतो. त्याला आपण फसवे साधन देता कामा नये.

म्हणून पुढच्या आणि मागच्या फळीखाली घट्ट बुचाचे, वीस लिटरचे दोन-दोन रिकामे कॅन बसवले आणि समोरून जलरोधक प्लायवूड लावून फायबरने बंद केले. पाण्याखाली ८० किलोच्या होडीचे वजन २७ किलोच्या आसपास उरते. चार कॅन त्यांचे स्वतःचे वजन जाऊन ७५ किलो तरी उचलतात. बाकीच्या उचलीवर तीन माणसे काठ धरून तरंगू शकतात. धरायला बाहेरून चारी बाजूंनी दोर बांधला. थर्माकोल स्वस्त पडला असता, पण त्यावर हे रेझिन सांडले की तो विरघळतो.

दुसरा बदल तळाचा. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटते आणि होडी मुरमावरून ओढत न्यावी लागते. मधल्या रेषेवर मॅटच्या पट्टीचे दोन जादा थर दिले. झिजायचे तर ते झिजतील. मागे मोटर बसवायची चौकट होती, ती कापून टाकली. इथे वल्हीच चालणार.

मे अखेरीस होडी कमरेइतक्या पाण्यात नेली आणि बादल्यांनी मुद्दाम भरली. काठ पाण्याला टेकले, तरी होडी खाली गेली नाही. मग तिघे दोराला लटकले. आजोबांनी आणखी एकाला बोलावले, तेव्हा पुढची बाजू खाली गेली. आता त्या होडीत एका वेळी तिघेच, असा वाडीचाच नियम आहे.

सगळ्याला मिळून सुमारे पाच किलो रेझिन आणि दोन किलो मॅट लागली. होडी देताना तळाचा, काठाचा आणि आतल्या बाजूचा असे तीन फोटो आधी पाठवावेत. वीतभर, हातभर भोक असले तरी चालेल. मात्र नाण्याने ठोकल्यावर निम्म्याहून जास्त तळ बद्द वाजत असेल तर ती पाठवू नये. त्या वाहतूक खर्चात दोन लाइफ जॅकेट घेतलेली बरी. जॅकेट आमच्याकडे अजून एकच आहे.